जुने औषध, नवे काम



गेल्या अंकात आपण हाडाचा कर्करोग झालेल्या एका शाळकरी मुलासाठी मदतीचे आवाहन केले होते. आपण ते मनावर घेतलेत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यानंतर तीन-चार मंडळ्यांमध्ये जाण्याचा योग आला आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मला एकच प्रश्न विचारला गेला. कोणी उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारला, कोणी व्हॉट्सॲपवर आलेला संदेश पुढे पाठवून विचारला. प्रश्न असा : "जंतांच्या साध्या गोळीने कर्करोग बरा होतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे म्हणे. मग त्या लेकराला मुंबईला नेऊन एवढा खर्च आणि एवढे हाल कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. जो देतो, त्याला पैसा कशावर खर्च होतो हे विचारण्याचा हक्क आहे. शिवाय त्या संदेशातले सगळेच खोटे नाही. जुनी, स्वस्त औषधे कर्करोगावर चालतील का, याचा शोध जगभर खरोखर चालू आहे आणि हाडाच्या कर्करोगाबाबत तो विशेष नेटाने चालू आहे. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण समाजकार्याचे आणि ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचे. पण नंदुरबारच्या डोंगराळ भागातले रुग्ण घेऊन मोठ्या रुग्णालयांत जाता-येता डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते इथे सोप्या शब्दांत मांडते.

हा आजार कोणता?

'हाडाचा कर्करोग' या नावाखाली दोन वेगळे आजार येतात. एक म्हणजे स्तन, प्रोस्टेट किंवा फुप्फुस अशा ठिकाणी सुरू होऊन नंतर हाडांत पसरलेला कर्करोग. तो बहुतेक मोठ्या माणसांत दिसतो. दुसरा म्हणजे हाडातच सुरू होणारा. तो विरळा असतो. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. मुले भराभर उंच होतात त्या वयात तो डोके वर काढतो. बहुधा गुडघ्याच्या लगेच वर किंवा लगेच खाली, आणि त्याखालोखाल दंडाच्या हाडात खांद्याजवळ.

सुरुवातीला नुसते दुखते. रात्री जास्त दुखते. मग सूज येते. आपल्या भागात मुले झाडावर चढतात, खेळताना पडतात, त्यामुळे 'कुठेतरी लागले असेल' असे सर्वांनाच वाटते. हाड बसवणाऱ्याकडे नेतात, तेल लावून मालीश होते, बांबूच्या कामट्या लावून पाय घट्ट बांधला जातो. त्यात महिने जातात. हा कर्करोग रक्तावाटे प्रामुख्याने फुप्फुसात जातो, आणि एकदा तिथे पोहोचला की बरे होण्याची शक्यता फार कमी होते.

१९७० पूर्वी या आजारावर एकच उपाय होता, पाय किंवा हात कापणे. तरीही पाचांतली सुमारे चार मुले पुढे दगावत, कारण शस्त्रक्रियेच्या आधीच डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात जाऊन बसलेले असत. आज आजार पसरण्याआधी मूल चांगल्या केंद्रात पोहोचले आणि उपचार पूर्ण झाले, तर सुमारे दोन तृतीयांश मुले वाचतात. पुष्कळांचा पायही वाचतो. गाठ असलेला हाडाचा भाग काढून तिथे धातूचा कृत्रिम सांधा बसवतात.

पण एक खंत आहे. ही सुधारणा मुख्यतः १९७० ते १९९० या काळात झाली. त्यानंतर आकडा जवळजवळ तिथेच थांबला. १७ देशांनी मिळून २,००० हून अधिक रुग्णांची नोंद करून एक मोठा अभ्यास केला. पहिल्या केमोला गाठीने नीट दाद दिली नाही अशा रुग्णांना आणखी दोन औषधे जोडून पाहिली. २०१६ मध्ये निकाल आला : त्रास वाढला, फायदा झाला नाही. आजार पसरलेल्या मुलांसाठी नवे काही हवे आहे ते यामुळेच, आणि जुन्या औषधांकडे वळण्याचे कारणही हेच.

जुन्या औषधाला नवे काम म्हणजे काय?

एखादे नवे औषध शून्यापासून तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात आणि अफाट पैसा लागतो. त्यातली बहुतेक औषधे मध्येच गळतात. याउलट जे औषध लाखो लोकांनी वर्षानुवर्षे घेतले आहे, त्याचे प्रमाण ठाऊक असते, त्याचे दुष्परिणाम ठाऊक असतात. ते दुसऱ्या आजारावर चालले, तर अर्धी वाट आधीच चाललेली असते. ॲस्पिरिन हे घरोघरी माहीत असलेले उदाहरण. डोकेदुखीची आणि तापाची गोळी म्हणून ती आली, आणि नंतर हृदयविकाराच्या रुग्णांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देऊ लागले.

कुष्ठरोग्यांमध्ये काम केलेल्या आपल्या वाचकांना दुसरे एक उदाहरण जवळचे वाटेल. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत झोपेसाठी विक्रीला आले. गरोदर स्त्रियांनाही ते दिले गेले आणि जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढे १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन या डॉक्टरांनी वेदनेने झोप न येणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला ते झोपेसाठी दिले, आणि त्याच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठी व ताप झपाट्याने उतरला. कुष्ठरोगाचे जंतू त्याने मरत नाहीत, पण त्या आजारातली एक भयंकर दाहाची प्रतिक्रिया त्याने आवरते. त्यानंतर १९९९ मध्ये अमेरिकेतील अर्कान्सास येथील डॉक्टरांनी मल्टिपल मायलोमाच्या ८४ रुग्णांवर ते वापरून पाहिले. हा अस्थिमज्जेचा कर्करोग आहे आणि तो हाडे पोखरतो. इतर उपचार थकलेल्या या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना फायदा झाला. २००६ मध्ये अमेरिकेत त्या आजारासाठी या औषधाला मान्यता मिळाली.

म्हणजे कल्पना भ्रामक नाही. पण या कहाणीत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. एका रुग्णाला बरे वाटले, एवढ्यावर कोणी थांबले नाही. रुग्ण मोजले, तपासले, निकाल लिहून जगापुढे ठेवला आणि गरोदर स्त्रीच्या हाती हे औषध पडणार नाही, याचे कडक नियम केले. औषध जुने होते, तरी नव्या कामासाठी त्याची परीक्षा नव्याने झाली.

आजचे उपचारही असेच आले

मुंबईच्या उपचारांना 'नवीन महागडी औषधे' आणि संदेशातल्या गोळीला 'जुने स्वस्त औषध' असे म्हटले जाते. पण ऑस्टिओसार्कोमावर जगभर वापरली जाणारी मुख्य औषधे स्वतःच दुसरीकडून आलेली आहेत.

त्यातले पहिले मेथोट्रेक्सेट. त्याच्या मागे आपल्याच देशाचा एक माणूस आहे. आंध्रमधील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत एका औषध कंपनीत संशोधन करत होते. फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वासारखी दिसणारी, पण पेशींना फसवून त्यांची वाढ रोखणारी रसायने त्यांच्या चमूने तयार केली. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यातले एक औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले आणि १९४८ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले पुढचे भावंड. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्येच नॉर्मन जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हाडाच्या कर्करोगावर वापरले. प्रमाण मात्र इतके मोठे की एरवी माणूस दगावेल. म्हणून काही तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा देऊन शरीराच्या निरोगी पेशी वाचवायच्या, अशी ती युक्ती होती. दुसरे औषध सिस्प्लॅटिन. ते १९७८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या अंडकोशाच्या आणि स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्य झाले होते.

एवढे होऊनही शंका होतीच. काही मोठे डॉक्टर म्हणत होते की मुले केमोमुळे वाचत नाहीत, शस्त्रक्रिया सुधारली म्हणून वाचतात. मग अमेरिकेत ३६ रुग्णांची चाचणी झाली. शस्त्रक्रियेनंतर कोणाला केमो द्यायची आणि कोणावर फक्त लक्ष ठेवायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. १९८६ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी केमो न घेतलेल्यांपैकी फक्त १७ टक्के आजारमुक्त होते, तर केमो घेतलेल्यांपैकी ६६ टक्के. त्या दिवसानंतर वाद मिटला. आपल्या मुलाला जे उपचार मिळतात त्यांच्या मागे असा हिशेब आहे.

मोठ्या प्रमाणातील मेथोट्रेक्सेट देताना रक्तातली त्याची पातळी वारंवार मोजावी लागते. ती सोय सगळीकडे नसते. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड या तीन औषधांची आपली पद्धत बसवली आहे. आपल्या देशातल्या गरीब रुग्णांना झेपेल असा विचारही संशोधनच असते.

एकच तर्क, दोन निकाल

संदेशातल्या गोळीबद्दल बोलण्याआधी आणखी एक गोष्ट सांगते. मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवणारी हीच वाटली.

आपल्या हाडांत दोन प्रकारच्या पेशींचे काम सतत चालू असते. एक हाड बांधणाऱ्या, दुसऱ्या हाड खाणाऱ्या. जुने हाड खाऊन जागा केली जाते आणि नवे बांधले जाते. म्हातारपणी खाणाऱ्यांचा जोर वाढला की हाडे ठिसूळ होतात. त्यांना आवरण्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही औषधे आली. हाडातली गाठही पसरण्यासाठी याच खाणाऱ्या पेशींना कामाला लावते. मग त्यांना आवरले, तर गाठही आवरेल, असा विचार पुढे आला. कोणालाही पटावा असा तर्क आहे.

हाडातच होणारी 'जायंट सेल ट्यूमर' नावाची एक गाठ असते. ती बहुतेक वेळा फार पसरत नाही, पण जिथे असते तिथले हाड नासवते. डेनोसुमॅब तिथे वापरून पाहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासता आलेल्या ३५ पैकी ३० रुग्णांना फायदा दिसला आणि २०१३ मध्ये अमेरिकेत त्या गाठीसाठी औषध मान्य झाले. ते थांबवल्यावर गाठ परत वाढू शकते, त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज संपत नाही. पण यश खरे आहे.

आता ऑस्टिओसार्कोमा. फ्रान्समध्ये ३१८ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीची केमो, निम्म्यांना केमोबरोबर झोलेड्रोनिक ॲसिड. प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये निकाल उत्तम आले होते. २०१६ मध्ये माणसांतला निकाल आला : तीन वर्षांनी नुसत्या केमोच्या गटात सुमारे ६३ टक्के रुग्णांचा आजार पुन्हा उलटला नव्हता, औषध जोडलेल्या गटात सुमारे ५७ टक्के. फायदा होत नाही हे दिसल्यावर चाचणी थांबवली गेली.

तर्क तोच, हाडही तेच, गाठ वेगळी. एका ठिकाणी औषध चालले, दुसऱ्या ठिकाणी नाही. हे आधी घरात बसून कोणालाच सांगता आले नसते.

कुत्र्यांनी केलेली मदत

मोठ्या जातीच्या पाळीव कुत्र्यांना हा कर्करोग निसर्गतःच होतो, तोही माणसांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांचा आजार मुलांच्या आजाराशी खूप मिळताजुळता असतो. म्हणून मालकांच्या संमतीने, आजारी कुत्र्यांवर उपचार करताना जुनी औषधे तपासली जातात.

सिरोलिमस हे औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतील सूक्ष्म जंतूपासून ते मिळाले. उंदरांमध्ये ते हाडाच्या कर्करोगावर आशादायक ठरले होते. ३२४ कुत्र्यांवर त्याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये कळले की पाय काढून केमो दिल्यावर ते जोडल्याने काही लाभ होत नाही. उत्तर नकारार्थी आले, पण शेकडो मुलांची वर्षे वाया जाण्याआधी आले.

लोसार्टानचे मात्र वेगळे झाले. ही रक्तदाबाची साधी गोळी, आपल्यापैकी काही जण रोज घेत असतील. कोलोरॅडोच्या पशुवैद्यकीय संशोधकांना दिसले की गाठ फुप्फुसात बस्तान बसवताना शरीराच्याच काही पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावते आणि लोसार्टान ती हाक अडवते. फुप्फुसात आजार पसरलेल्या २८ कुत्र्यांना मोठ्या प्रमाणात लोसार्टान आणि त्याबरोबर कुत्र्यांचे एक कर्करोगाचे औषध दिले. निम्म्या कुत्र्यांत गाठी लहान झाल्या किंवा काही काळ वाढायच्या थांबल्या. हा निकाल २०२२ चा. त्याच्या आधाराने कोलोरॅडोच्या मुलांच्या रुग्णालयात माणसांवरची चाचणी हाती घेतली गेली. ही आशा आहे, उपचार नव्हे. घरातली रक्तदाबाची गोळी कर्करोगाच्या मुलाला देणे म्हणजे त्याचा रक्तदाब धोक्याइतका खाली नेणे होईल.

माणसांमध्ये ज्याचा उपयोग दिसला आहे, असे एक औषध म्हणजे रेगोराफेनिब. ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आले होते. फ्रान्समध्ये केमो थकलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या ३८ रुग्णांपैकी २६ जणांना ते आणि १२ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्या १७ जणांचा आजार वाढला नव्हता. औषध नसलेल्या गटात असा एकही नव्हता. पण हे लक्षात घ्या : त्याने काही आठवडे, काही महिने मिळाले. आजार बरा झाला नाही.

आपल्या देशातला एक प्रयत्न

दिल्लीच्या एम्समध्ये कर्करोग बळावलेल्या १०८ मुलांवर अशीच एक चाचणी झाली. निम्म्या मुलांना चार औषधे थोड्या थोड्या प्रमाणात रोजच्या गोळ्यांच्या रूपात दिली. त्यात आपण वर पाहिलेले थॅलिडोमाइड होते आणि सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळीही होती. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एकूण पाहता दोन्ही गटांत फरक नव्हता. बारकाईने पाहिल्यावर काही कर्करोगांत थोडा लाभ दिसला, पण हाडाचा कर्करोग त्यांत नव्हता.

याउलट टाटा मेमोरियलमध्ये तोंडाच्या व घशाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांमध्ये कमी प्रमाणातील मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांची तुलना सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनशी केली. गोळ्या घेणारे रुग्ण मध्यमानाने साडेसात महिने जगले, इंजेक्शनवाले सहा महिने. हा निकाल २०२० मध्ये आला. स्वस्त औषधेही जिंकतात, आणि तीही आपल्या मुंबईत, हे यावरून दिसते. फक्त त्यांना परीक्षेला बसावे लागते.

मग हे काम एवढे हळू का?

पहिले कारण, आजार विरळा. मोठ्या चाचणीसाठी पुरेशी मुले गोळा करायला अनेकदा अनेक देशांना एकत्र यावे लागते. दुसरे, या गाठीच्या पेशींतील गुणसूत्रे अक्षरशः विस्कटलेली असतात. प्रत्येक मुलात वेगळी मोडतोड, त्यामुळे सर्वांना लागू पडेल अशी एकच किल्ली सापडत नाही.

तिसरे कारण पैशाचे. जुन्या औषधाचे पेटंट संपलेले असते. कोणीही ते बनवू शकतो. मग कोट्यवधी खर्चून चाचणी करण्यात कंपनीला काय मिळणार? म्हणून हे काम सरकारी संस्था, विद्यापीठे आणि धर्मादाय निधी यांच्यावर येते. बेल्जियममधील अँटीकॅन्सर फंड ही अशीच देणग्यांवर चालणारी संस्था. तिच्या पुढाकाराने अडीचशेहून अधिक जुन्या औषधांची पुराव्यांसह सूची तयार झाली. या कामात आघाडीवर असलेले पान पॅंत्झियार्का हे स्वतः ऑस्टिओसार्कोमाने मुलगा गमावलेले वडील आहेत. त्यांच्याइतकी घाई कोणाला असणार? तरी त्यांनी मार्ग धरला तो पुरावे गोळा करण्याचा आणि चाचण्या घडवून आणण्याचा.

जंतांच्या गोळीचे काय?

आता मूळ प्रश्न. जंतांवरची काही औषधे, उदाहरणार्थ मेबेंडाझोल, प्रयोगशाळेतल्या काचपात्रात कर्करोगाच्या पेशी मारतात, हे खरे आहे. पण काचपात्रात पुष्कळ गोष्टी पेशी मारतात. पोटात घेतलेली गोळी रक्तात किती उतरते, गाठीपर्यंत किती पोहोचते, हे वेगळे प्रश्न आहेत. हाडाच्या कर्करोगावर ही औषधे उपयोगी पडतात, असे माणसांवरच्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. संदेशांत ज्याचे नाव सर्वांत जास्त फिरते ते फेनबेंडाझोल तर जनावरांचे औषध आहे. ते स्वतःच्या मनाने घेतलेल्या माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

खरा धोका गोळीपेक्षाही तिच्यामुळे सुटणाऱ्या उपचारांचा आहे. ज्या मुलासाठी आपण मदत केलीत, त्याच्या दुसऱ्या केमोनंतर केस गेले, तोंड सोलवटले, खाणे बंद झाले. त्याच सुमारास गुजरातेत मजुरीला असलेल्या काकाने तो संदेश पाठवला. वडील मला म्हणाले, "ताई, गोळीनं होतंय तर पोराचे एवढे हाल कशाला?" बापाच्या काळजाचा तो प्रश्न होता. डॉक्टरांनी अर्धा तास त्यांच्याशी बोलून, एक्स-रे दाखवून समजावले. पुढची केमो ठरल्या दिवशी झाली. ती चुकली असती, तर १९८६ च्या त्या १७ टक्क्यांच्या बाजूला आपण आपल्या हाताने त्याला ढकलले असते. उपचार अजून चालू आहेत. ते पुरे होईपर्यंत आपल्या प्रार्थनेत त्याला ठेवा.

आणखी एक. केमो चालू असताना 'बरोबरीने' घेतलेली साधी गोळीही घातक ठरू शकते. मोठ्या प्रमाणातील मेथोट्रेक्सेटबरोबर नेहमीच्या काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर औषध शरीरातून बाहेर पडत नाही आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून जडीबुटी असो, शक्तीची गोळी असो किंवा दुकानातली अंगदुखीची गोळी असो, डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काहीही देऊ नये. भगताने दिलेले काही घेतले असेल, तर तेही न लाजता सांगावे. सांगणाऱ्याला रागावू नका असे मी डॉक्टरांनाही विनवते.

आपण काय करू शकतो?

वसतिगृहाचे अधीक्षक, शिक्षक, संडेस्कूलचे सेवक आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांनी एवढे लक्षात ठेवावे :

१. वाढत्या वयाच्या मुलाचे गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा सूज वाढत असेल, तर मालीश थांबवा आणि एक्स-रे काढून घ्या. एक्स-रे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात निघतो.

२. एक्स-रेत संशय आला, तर गाठीला जवळपास कुठे चीर देऊ नका. तपासणीसाठी तुकडा काढण्याचे कामही अनुभवी कर्करोग केंद्रातच व्हावे. चुकीच्या जागी चीर दिली, तर पुढे पाय वाचवणे अवघड होते.

३. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड आधीच तयार ठेवा. प्रवास, राहणे, जेवण आणि बुडालेली मजुरी मात्र कोणत्याच योजनेत पुरती बसत नाही. उपचार अर्धवट सुटतात ते बहुधा याच खर्चापायी. आपली देणगी इथे लागते.

४. नव्या औषधाचा किंवा जुन्याच्या नव्या उपयोगाचा प्रस्ताव कोणी ठेवला, तर विचारा : ही नोंदलेली चाचणी आहे का? भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते आणि तिला क्रमांक मिळतो. नीतिसमितीची परवानगी आहे का? तपासायच्या औषधाचे पैसे मागतात का? खऱ्या चाचणीत सहसा मागत नाहीत. चालू उपचार सोडायला सांगतात का? मुलाला इजा झाली, तर जबाबदारी कोणाची?

५. संमतीचा कागद पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आईबापांना त्यांच्या बोलीत समजावून सांगितल्याशिवाय अंगठा उठू देऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासींची गणना विशेष संरक्षण द्यावयाच्या गटांत केली आहे. पण योग्य चाचणी समोर आली, तर केवळ भीतीने नकारही देऊ नका. आजची औषधे कुणाच्या तरी लेकरांनी अशा चाचणीत भाग घेतला म्हणूनच आपल्या लेकरांना मिळत आहेत.

६. संदेश पुढे पाठवण्याआधी एकच विचारा : हे किती माणसांवर, कोणत्या आजारात, कशाशी तुलना करून पाहिले? उत्तर नसेल, तर तो तिथेच थांबवा.

येत्या तिमाहीत नंदुरबार भागातल्या वसतिगृहांच्या अधीक्षकांसाठी मुलांच्या हाडांच्या दुखण्याबद्दल एक दिवसाचे शिबिर घेण्याचा आपला विचार आहे. ज्यांच्या मंडळीत हाडांचे डॉक्टर, परिचारिका किंवा एक्स-रे तंत्रज्ञ असतील, त्यांनी एक दिवस द्यावा, अशी विनंती आहे. मुंबईला जाणाऱ्या कुटुंबांना स्टेशनवर भेटून रुग्णालयापर्यंत नेणारे दोन-तीन स्वयंसेवकही हवे आहेत. आपली नावे कार्यालयात कळवावीत.